धोंडूची जागा

४ मार्च १९८२

आलो एकदाचा! लालबागच्या चाळीत, मालवणकडच्या एका गावाने मिळून धरलेल्या खोलीत मला जागा मिळाली. पुण्यातले माझे सहप्राध्यापक जळून खाक होतील. ते ग्रंथालयात बसून कामगारांवर प्रबंध लिहिणार, आणि मी कामगारांच्या मांडीला मांडी लावून. मांडी फारशी स्वच्छ नाही, पण चालायचंच.

गिरण्यांचा संप सुरू झाल्यापासून निम्मे गडी गावाला निघून गेले. उरलाय खोलीचा कारभारी दगडू, गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात एक कान घालवून बसलेला. आणि कुशाबा, ज्याचं कुठलंही उत्तर ‘आमी’ने सुरू होतं. तुला स्वतःला काय वाटतं, असं विचारलं तर म्हणतो, आमका काय वाटतला? ‘मी’ नावाची वस्तू यांच्या गावीही नाही. प्रबंधाला याहून चांगलं खाद्य कुठे मिळणार?

माझा ‘मी’ मी स्वतः घडवला. त्यासाठी घर सोडलं, गोतावळा तोडला. धाकटी बहीण दमयंती तेवढी ठेवली आहे, तीही दिवाळीपुरती.

८ मार्च

खोलीचा एक मजेदार नियम कळला. जागा माणसाची नसते, गावाची असते, आणि ती रिकामी ठेवत नाहीत. माझ्या जागेवर धोंडू नावाचा विणकर होता. फेब्रुवारीत गावाला म्हणून निघाला तो पोचलाच नाही. यांनी दोन दिवस हळहळ केली आणि त्याची खुंटी, चटई, पाणी भरायची पाळी, एकादशीच्या भजनातले त्याचे टाळ, सगळं माझ्या गळ्यात घातलं. तो परत आला तर काय, असं मी दगडूला विचारलं.

“जागा भरली. मगे तो कसो येतलो?” दगडू म्हणाला, आणि विडी पेटवली.

काय ही बुद्धी! संध्याकाळी रमाबाईंच्या खाणावळीत तर कहर झाला. ताट वाढून बाईंनी मला चक्क धोंडू म्हणून हाक मारली. मी चूक सुधारणार होतो. मग वाटलं, प्रयोग म्हणून काय हरकत आहे? ओ दिली. बाईंनी आमटी जास्त वाढली. कोणी हसलं मात्र नाही. विनोद कळायलाही डोकं लागतं.

१९ मार्च

आता वाणी, न्हावी, नळावरच्या बायका, सगळे धोंडू म्हणतात. कुशाबा तर फुरंगटून बसला होता, कारण गेल्या वर्षीच्या होळीला मी म्हणे त्याच्या भावाला शिवी दिली. तेव्हा मी पुण्यात परीक्षेचे पेपर तपासत होतो. शेवटी सगळ्यांना बसवून, पोरांना सांगावं तसं सांगितलं, की मी गंगाधर, एम.ए., प्राध्यापक. दगडूने ‘होय रे, होय’ केलं, तापाने बरळणाऱ्याला करतात तसं. रमाबाईंनी माझी दृष्ट काढली. मूर्खांचा बाजार आहे हा.

एकादशीला टाळ वाजवले. मला संगीताचा गंध नाही, तरी एकही ठेका चुकला नाही. सवय. सवयीने कुत्रंही शिकतं.

पण सवय व्हायला मी यापूर्वी टाळ कधी धरले होते?

२ एप्रिल

दादरला हिंदमाता टॉकीजकडे गेलो होतो. समोरून आमच्या पुण्याच्या कॉलेजातला रामदास आला. हा तर माझ्या नोट्स चोरून शिकवणारा माणूस! बरं वाटलं, स्वच्छ सांगतो. आपलं कोणीतरी. मी हसलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि ‘बाजूला हो रे’ म्हणाला.

मी बाजूला झालो. मान खाली घालून. भोईवाड्यापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, की राग यायला हवा होता.

इराण्याकडून दमयंतीला फोन केला. ये आणि मला घेऊन जा, म्हटलं. तिला माझं बोलणं नीट कळत नव्हतं. कोण बोलतंय, कोण बोलतंय, करत राहिली. भावाला बरं नाही, एवढंच तिला समजलं असावं.

७ एप्रिल

दमयंती आली. माझी बहीण. दारात मीच उभा होतो. देवा, तिने माझ्याकडे बघून विचारलं—

“मामा, माझा भाऊ गंगाधर इथेच राहतो ना?”

मी सांगणार होतो. अगं दमे, मी. एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि शब्द आले ते—

“तो गेलो, ताई. कधीच गेलो.”

माझ्या तोंडून. माझ्याच. रडत गेली ती. आणलेला चिवड्याचा डबा मला देऊन. मागे दगडू उभा होता, नेहमीसारखा ठोंब्या. बरा बोललंस, म्हणाला.

९ एप्रिल

यांना हसत होतो. यांना ‘मी’ नाही म्हणून. माझा कुठे होता? चार लोक हाक मारत होते तोवर— ती माणसं मीच तोडली, आणि— किती शहाणा समजत होतो स्वतःला. थू.

आडनाव आठवत नाही. सकाळपासून.

११ एप्रिल

धोंडूची बायको येतेय. मंजुळा. गावाहून, उद्याच्या एसटीने. दगडू सांगत आला.

बरं झालं. ती सांगेल. बायको नवऱ्याला ओळखते— म्हणजे मी तो नाही हे ओळखेल. ओरडेल, ‘हो कोण मेलो?’ म्हणेल. म्हणू दे. शिव्या घालू दे. एक माणूस तरी म्हणेल, की हा धोंडू नाही.

लवकर निघायला हवं. परळच्या स्टँडवर. लिंबू न्यायचं, कशेडीच्या घाटात गाडी लागते तिला, उतरली की आधी लिंबू मागते, मग कपाळ दाबून—

हे मला कोणी सांगितलं? हे मला कोणीच नाही—