मोरीतल्या चपला

आई, काल मी काकूंकडे जाऊन आले. तुला आवडलं नसतं, ठाऊक आहे. पण तुला जाऊन वीस वर्षं झाली आणि त्याही आता नव्वदीला टेकल्यात. घाटकोपरच्या त्याच चाळीत राहतात, आपल्या जुन्या खोलीला लागून.

ऐंशी सालानंतरची ती तीन-चार वर्षं तुम्ही दोघी मार खाणाऱ्या बायकांसाठी धावायचात. काकू चौकीत भांडायच्या, तू दवाखान्यात न्यायचीस. कुणी रडत आली की आधी तिच्या चपला आत, मोरीत बादलीमागे जायच्या, मग चहा. 'बाई लपवता येते गं, नवरा उंबऱ्याशी चपलाच बघतो,' तू म्हणायचीस.

टेकडीवरच्या वस्तीतली ती मुलगी माझ्याहून चारच वर्षांनी मोठी होती. निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला, एका पट्ट्याला सेफ्टी पिन. तीन दिवस ती मला वेणी घालून देत होती. चौथ्या दिवशी तुम्ही दोघी तिच्यासाठी आश्रमात जागा बघायला गेलात आणि नळाला पाणी आलं. प्यायचं पाणी भरताना मोरीत चपला कशा ठेवायच्या? तेवढ्यापुरत्या मी त्या दाराबाहेर ठेवल्या.

नवरा आरडाओरडा न करता आला. चपलांकडे बघून म्हणाला, 'चल ना, पोरगं रडतंय.' ती उठली, त्याच चपला घालून गेली. मी कळशी धरून उभी.

पंधरा दिवसांनी स्टोव्हचा भडका होऊन ती गेल्याचं कळलं. तू दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसलीस आणि संध्याकाळी काकूंना म्हणालीस, 'तुझ्याच तोंडून बाहेर पडलं. नाक्यावर बोलल्याशिवाय तुला राहवतं कुठे?'

'पोरांची शपथ घेते गं, मी नाय बोलले.'

तू दार लोटलंस. ते परत उघडलं नाही, आणि हळूहळू ते कामही थांबलं. मी आधी तुझ्या भीतीनं गप्प राहिले, मग सवयच झाली. तुझ्या तेराव्याला काकू जिन्यापर्यंत येऊन परत गेल्या, तेव्हाही मी गप्पच होते.

काल सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. चहा झाला, गुडघ्यांचं दुखणं झालं. निघताना दाराशी वाकले तर चपला दिसेनात. 'आत हायत, मोरीत,' काकू म्हणाल्या. 'सवय गं. कोण आलं की हात आपसूक जातो.'

मी बादलीमागून चपला काढल्या, घातल्या आणि म्हटलं, 'येते काकू.'

तुला लिहिणं सोपं आहे, आई. तू दार लोटणार नाहीस.