देशमुख मॅडम आमच्या जीपमध्ये

नाशिक, गुरुवार, १२ डिसेंबर २००२

अजून हसू आवरत नाही. देशमुख मॅडम चक्क आमच्या जीपमध्ये! त्यांची संस्था आणि आमची, दोन्ही कामासाठी गाव सोडणाऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास करतात आणि एकमेकींपासून लपवतात. आज पेठच्या बैठकीला निघाले, तर घाटाच्या अलीकडे त्यांची गाडी बंद पडलेली. मी जीप थांबवली. मॅडम अहवाल छातीशी धरून बसल्या. मीही माझा पिशवीत खोल सरकवलाच की!

घाटात त्यांना मळमळू लागलं. मी आवळासुपारी दिली. जरा बरं वाटल्यावर छातीशी धरलेला अहवाल मांडीवर आला.

"काय हो, तुमच्या अहवालात आहे तरी काय?" मी विचारलंच.

"आईबापांबरोबर जाणारी मुलं. तुमच्या?"

"गावात मागे राहणारी."

दोघी खो खो हसलो. कशाला लपवत होतो आम्ही?

बैठकीत एकत्रच बोललो. शिक्षण खात्याचे साहेब हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवायला तयार झाले!

येताना ठरलं, पुढचा अहवाल दोघींचा. पण आधी नाव कोणत्या संस्थेचं? नाशिक येईपर्यंत भांडलो. उतरताना मॅडम म्हणाल्या, "रविवारी जेवायला ये घरी. उरलेलं तिथे भांडू."