सरदाराच्या हातावर दही

डंडॉक,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही कपाटात जपून ठेवता, म्हणून पत्र.

तुमचा आणि आईचा तो ढाल-तलवारीचा जुना हॉलिवूडचा सिनेमा, किल्ल्याच्या वेढ्याचा, त्याचं शूटिंग इथेच, आयर्लंडमध्ये झालं होतं! शेवटची लढाई आमच्या जवळच्या समुद्रकिनाऱ्यावरची. शेजारचे मिस्टर बायर्न तेव्हा शाळा बुडवून सैन्यात उभे राहिले होते. सकाळी राजाकडून लढायचे, जेवण झालं की चिलखत बदलून शत्रूकडून. दोन्हीकडून मेलो, पण सगळं कसं ग्रँड होतं, असं सांगतात.

शनिवारी टाउन हॉलमध्ये तो दाखवला. मी प्लँटमधून तशीच गेले. मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या सणाच्या आठवड्यात पुन्हा आहे. तेव्हा तुम्ही याच. आई गेल्यापासून तुम्ही कुठेच जात नाही, असं शेजारच्या वृंदाकाकू कळवतात.

रागावलात तरी आशीर्वाद असू द्या.

तुमची
मुक्ता


नागपूर,
२ डिसेंबर २०२४

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

वृंदावहिनींना दुसरे उद्योग नाहीत.

आमचं लग्न ठरलं तेव्हा हा सिनेमा सीताबर्डीला लागला होता. तुझ्या आईला इंग्रजी कळत नव्हतं आणि मला कळतं असं मी दाखवत होतो. सरदार बायकोचा निरोप घेऊन लढाईला निघतो, तिथे ती चांगली मोठ्याने म्हणाली, की अगं बाई, त्याच्या हातावर दही तरी घाल. सगळं थेटर हसलं. शेवटी सरदार पडला, तेव्हा मला म्हणाली, की बघा, मी सांगत होते. पुढे जितक्यांदा पाहिला, निकाल हाच. तू आयर्लंडला निघालीस तेव्हा घरी दही घालून झालं होतं, तरी विमानतळावर डबी घेऊन आली होती.

येणं मात्र जमणार नाही. तिच्या फोटोपुढे दिवा कोण लावेल? तू दिवसभर प्लँटमध्ये, मी खिडकीत बसून काय करू? इथली खिडकी निदान ओळखीची आहे.

लोभ आहेच. स्वेटर घालत जा.

बाबा


डंडॉक,
२१ डिसेंबर २०२४

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात एक लिहायचं टाळलं. सरदार निघाला तेव्हा अंधारात मीही मोठ्याने म्हणाले, की अगं, दही घाल. कुणी हसलं नाही. कुणाला काही कळलंच नाही. बाबा, तेव्हा मला फार एकटं वाटलं. इथली माणसं वाईट नाहीत. मिस्टर बायर्न माझे कचऱ्याचे डबेसुद्धा बाहेर काढून ठेवतात. पण आईचं ते वाक्य ऐकून हसणारा माणूस आता एकच उरलाय, आणि तो नागपूरला खिडकीत बसलाय.

दिवा वृंदाकाकू लावणार आहेत, मी विचारलं. मार्चमध्ये माझ्या शेजारी बसून कुणीतरी हसा हो.

माया कमी करू नका.

मुक्ता


नागपूर,
१२ मार्च २०२५

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, खिशातून आणतोय. हे मला तोंडाने सांगता येणार नाही.

वृंदावहिनींना किल्ली दिली, वाती आणि तेल कुठे आहे ते दाखवलं. कानातलं यंत्र घातलं. आपल्या घड्याळाची टिकटिक इतकी मोठी आहे हे मला माहीत नव्हतं. घर फार रिकामं आहे, पोरी.

बॅग दाराशी ठेवली आणि सवयीने फोटोपुढे उभा राहून उजवा हात पुढे केला. बराच वेळ तसाच उभा होतो. मग लक्षात आलं. स्वयंपाकघरात गेलो. दही होतं, साखर शोधावी लागली. डाव्या हाताने चमचा धरून स्वतःच्याच तळहातावर घातलं आणि खाल्लं. तिला सांगितलं, की घातलं बरं का.

टॅक्सी आली आहे. तिथून परत निघेन तेव्हा मात्र दही तू घाल. आपल्याच हाताने घातलं की अर्धं खाली सांडतं.

भेटीअंती लोभ वाढेलच.

बाबा