बसलेल्या राणीचं माप

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं, आता झोपही लागते. आईचा गुडघा कसा आहे?

जुन्या नाटकातल्या राणीचा पोशाख या वेळी मला एकटीला बेतून शिवायला दिला होता. मी काढलेलं पोशाखाचं चित्र सगळ्यांना आवडलं. पण तालमीत राणी राजाच्या पायाशी बसली आणि पाठीची शिवण टर्रकन उसवली. दिग्दर्शक म्हणाले, "शुक्रवारी प्रयोग आहे. जमत नसेल तर गोदामातला जुना काढू."

इथले मुख्य शिंपी, आमचे मास्तर, हसले. "पोरी, माप उभ्या राणीचं घेतलंस. ती तर अख्खा अंक बसून रडते!"

आपल्या दुकानात तुम्ही गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून, वाकवून माप घ्यायचात. कॉलेजात असताना मैत्रिणींसमोर मला त्याची लाज वाटायची, हे आज कबूल करते. मी राणीला तसंच बसवलं, वाकवलं आणि पाठ नव्याने बेतली.

कालच्या तालमीत ती बसली, रडली, उठली. एक टाका हलला नाही. शुक्रवारसाठी माझाच पोशाख कायम राहिला.

मास्तरांनी विचारलं, "हे कॉलेजात शिकवतात?"

"नाही," मी म्हटलं, "आमच्या घरी."

तुमची,
थोरली