चार गुण

एल्म फोर्क, मिनेसोटा
१४ सप्टेंबर १९९७

ती. सोलवेगआत्यास,
मारितचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरी मोजे पोचले. सप्टेंबरात लोकरी मोजे पाठवणारी तू एकटीच. पण पहाटेचा सराव संपतो तेव्हा इथे पायाची बोटं सुन्न झालेली असतात, म्हणून हसायचं नाही असं ठरवलंय.

बातमी अशी की यंदा मी मुलींच्या क्रॉस-कंट्री संघाची कॅप्टन आहे. आठवड्याला साठ मैल पळणं चाललंय. शर्यतीला निघताना व्हॅन सुरू करण्याआधी कोच हॅलवर्सन मागे वळून संघाची सरासरी वाचून दाखवतात, आणि ती अभ्यासाची असते! चारपैकी ३.७४. गेल्या वर्षी अभ्यासाच्या बक्षिसात आमचा संघ देशात दुसरा आला, यंदा पहिलं यायचंय. माझी स्वतःची ३.९६ आहे. पुढच्या वर्षी फिजिओथेरपीला प्रवेश मिळायला हरकत नाही.

फक्त शरीररचनेचा वर्षभराचा मोठा कोर्स यंदाही राहिला. हंगाम संपला की बघू. जानेवारीत लिंडक्विस्ट सरांचा एक महिन्याचा केला होता, त्यात ए आहे, आणि प्रवेशाला तेवढा चालतो. आमच्या व्हॅनमध्ये एक वही असते, कोणते प्राध्यापक कसे ते जुन्या मुली नव्यांसाठी लिहून ठेवतात. सरांच्या नावापुढे लिहिलंय, शुक्रवारी लवकर सोडतात, ए पक्का. तूही शरीररचनाच शिकवतेस, तेव्हा तुमच्या कॉलेजच्या वहीत तुझ्या नावापुढे कवटी काढलेली असणार.

लोभ आहे म्हणून थट्टा करते, तो आटू देऊ नकोस.
तुझी मारित

---

टॅमरॅक फॉल्स
२ ऑक्टोबर १९९७

चि. मारितला आत्याचे अ. आ.

कॅप्टन झालीस, बरं वाटलं. तुझ्या बाबांनी गोठ्यातून फोन करून मला तेच सांगितलं, आणि मागे गायी हंबरत होत्या.

पण बाई, कोणता हंगाम संपणार आहे तुझा? पानगळीत क्रॉस-कंट्री, हिवाळ्यात छपराखालचा ट्रॅक, वसंतात बाहेरचा. फुटबॉलच्या पोरांना निदान वसंत मोकळा मिळतो. तुम्हा लांब पळणाऱ्यांचा हंगाम संपतच नाही, आणि 'हंगाम संपला की' म्हणता म्हणता कॉलेज संपतं. एकतीस वर्षं मी हे ऐकतेय.

परवा आमचे कोच डोनटचा खोका घेऊन माझ्या खोलीत आले. त्यांच्या संघातली ट्रूडी माझ्या वर्गात आहे, गुणी पोर, सी मिळाला होता. म्हणाले की पोरगी पहाटे पाचला उठते हो, तिचा बी झाला तर संघाचं बक्षीस कुठे जात नाही. मी म्हटलं की उठते ते खरं, पण मूत्रपिंड कुठे असतं ते तिला सांगता यायला हवं. ते हसले आणि खोका ठेवून गेले. मी डोनट खाल्ले. आणि खोटं कशाला सांगू, बीसुद्धा दिला.

मी शिकवायला लागले तेव्हा अर्ध्या वर्गाला सी मिळायचा आणि कुणाची आई फोन करत नसे. आता कडक राहिलं की वर्ग रिकामा होतो, आणि वर्ग रिकामा झाला की डीन बोलावतात. दमले मी. तुझा तो लिंडक्विस्टांचा पेपर मात्र मला पाठव. बघू दे.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच.
आत्या

---

एल्म फोर्क
२३ नोव्हेंबर १९९७

ती. आत्यास सा. न. वि. वि.

विभागीय शर्यत गारांच्या पावसात झाली. आम्ही सहाव्या आलो, राष्ट्रीय स्पर्धेला जाणं हुकलं. शेवटच्या चढावर माझा एक बूट चिखलात राहिला, तशीच पळाले. अभ्यासाचं बक्षीस मात्र मिळालं, देशात पहिलं. कोच रडले.

तुझं पत्र मी चारदा वाचलं आणि चारही वेळा राग आला. तुला म्हणायचंय काय, माझे ए फुकटचे आहेत? पहाटे पळते, मग वर्ग, मग परत पळते, मग वाचनालयात मान टेकेपर्यंत बसते. इतर मुलं दुपारपर्यंत लोळतात आणि त्यांनाही ए मिळतो, त्यांना कुणी विचारत नाही. दरवेळी आम्हालाच का सिद्ध करावं लागतं?

पेपर सोबत आहे. बघ आणि एकदाचं सांग. तू म्हणालीस की नाही जमत, तर मी प्रवेशाचे अर्ज पाठवणार नाही. बाकी कुणाचं मी ऐकत नाही, हे तुला माहीत आहे.

रागात आहे, पण लोभ कमी झालेला नाही.
मारित

---

टॅमरॅक फॉल्स
८ डिसेंबर १९९७

चि. मारित, अ. आ.

पेपर वाचला. चांगला आहे. परत पाठवते. अर्ज पाठव.

इथे खूप बर्फ पडलंय, गाडी दोनदा अडकली. नाताळला येताना जाड कोट आण.

आत्या

---

वेस्ट प्रेअरी
१७ ऑक्टोबर १९९८

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाबांना हे पत्र दाखवू नकोस. त्यांना वाटतंय की इथे फिजिओथेरपीला सगळं झकास चाललंय.

शरीररचनेच्या पहिल्या परीक्षेत मला शंभरपैकी एकेचाळीस मिळाले. वर्गात सर्वांत कमी. डिसेंबरच्या परीक्षेत सत्तर झाले नाहीत तर नाव काढतात, मग पुढच्या ऑगस्टात पहिल्यापासून.

परीक्षा तोंडी होती, समोर प्रेत. डॉ. ओयेन बाईंनी मांडीच्या मागच्या बाजूला चिमटा लावला आणि विचारलं की हा स्नायू कोणता. आत्या, हाच माझा स्नायू तिसऱ्या वर्षी फाटला होता. त्याच्यावर मी सहा आठवडे बर्फ धरून बसले होते. नाव आठवेना. आठवेना कसलं, मला ते कधी आलंच नव्हतं.

मी वाचते, पण इतरांना पाया आहे आणि मी पाया आणि भिंत एकदमच बांधतेय. पळणं बंद केलंय. सोडून घरी येऊ का? तू पेपर चांगला म्हणालीस म्हणून मी अर्ज केला होता, म्हणून तुलाच विचारते.

तुझी मारित

---

टॅमरॅक फॉल्स
२५ ऑक्टोबर १९९८

चि. मारित,

आशीर्वाद लिहायची आज लाज वाटतेय, तरी घे.

तुझा पेपर चांगला नव्हता. मी तो पेन्सिलीने तपासला होता. शंभरपैकी चोपन्न. वर लिंडक्विस्टांचा लाल ए होता आणि खाली माझे चोपन्न. तीन दिवस तो स्वयंपाकघराच्या टेबलावर पडून होता. तू लिहिलं होतंस की बाकी कुणाचं ऐकत नाहीस. मग मी खोडरबर घेतलं, चोपन्न पुसले, कागदावरची भुकटी फुंकली आणि पाकीट बंद केलं.

आपल्या नॉर्वेजियन घरात 'वाईट नाही' म्हणजे अगदी डोक्यावर घेणं. मी 'चांगला' लिहिलं तेव्हाच तुला शंका यायला हवी होती. पण ही चूक तुझ्या गळ्यात घालत नाही, ती माझी आहे. ट्रूडीला बी दिला तो डीनच्या त्रासाला कंटाळून. तुला 'चांगला' दिला तो मायेपोटी. माया जास्त वाईट निघाली.

घरी ये म्हणत नाही आणि येऊ नको असंही म्हणत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मात्र चार दिवस इकडे ये. टर्की तुझे बाबा बघतील. तू माझ्या टेबलावर पाय ठेवून बसायचं आणि कंबरेपासून घोट्यापर्यंत एकेक नाव सांगायचं. चुकलीस तर मी चुकलीस म्हणेन.

क्षमा कर म्हणण्याइतकी मी धीट नाही.
आत्या

---

वेस्ट प्रेअरी
१२ डिसेंबर १९९८

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आठवडाभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. समोर आले तेव्हा तू इतकं छळलंस की भांडायला सवडच झाली नाही. बाबा म्हणाले ना, की या घरात टर्कीचेसुद्धा स्नायू मोजून वाढतात!

निकाल लागला. सहासष्ट.

डॉ. ओयेन बाईंनी खोलीत बोलावलं. फार चांगल्या आहेत. म्हणाल्या की एकेचाळिसावरून सहासष्ट म्हणजे थोडं नव्हे, तुझी कॉलेजची कामगिरी बघता चार गुण मी कुठूनही काढू शकते, एवढी कष्टाळू मुलगी घालवायची माझी इच्छा नाही. आत्या, चार वर्षं मी हाच मऊ आवाज ऐकत आले आणि ती माझी हुशारी समजत आले. हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मग त्यांना विचारलं की ते चार गुण कोणत्या प्रश्नाचे. त्या म्हणाल्या, कोणत्याही. मी म्हटलं, मग नको.

शूर वगैरे काही वाटलं नाही. गाडीत बसून रडले. वर्ष गेलं. वर्गातली मुलं पुढे जातील, बाबांना सांगायचंय, खोली सोडायचीय. फार थकलेय, आणि शर्यतीनंतरचा थकवा असा नसतो. जानेवारीपासून इथल्याच रुग्णालयात मदतनीस म्हणून लागतेय, पेशंटना उठवायचं-बसवायचं काम आहे. ऑगस्टात पुन्हा पहिल्यापासून.

मी बरोबर केलं का, ते लिही. खरं लिही.
तुझी मारित

---

टॅमरॅक फॉल्स
१९ डिसेंबर १९९८

चि. मारितला आत्याचे अनेक, अनेक आशीर्वाद.

बरोबर केलंस. महाग पडलं, तरीही बरोबर. बाबांना मी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की पोरगी जेवते ना नीट.

काल मी या सत्राचे गुण भरले. ट्रूडी पुन्हा माझ्याच वर्गात होती. सी मिळाला होता, सीच भरला. कोच आले, या वेळी रिकाम्या हातांनी, आणि म्हणाले की संघाचं बक्षीस दोन शतांशांनी गेलं. मला वाईट वाटलं. चांगला माणूस आहे. तरी आकडा तसाच ठेवला. डीनचं बोलावणं येईलच, येऊ दे. आज सकाळी ट्रूडी आली, आधी रडली, मग गुण कुठे गेले ते विचारलं. तासभर बसलो दोघी. मला एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

तुझे ए आले की तुझे बाबा ते फ्रीजच्या दारावर चिकटवायचे, बालवाडीपासून. माझ्या फ्रीजवर कधी कुणाचं काही नव्हतं, मूलबाळच नाही तर लावणार कुणाचं. तुझ्या निकालाचा कागद मला पाठव. जागा पुसून ठेवलीय. तुझे सहासष्ट मला तिथे लावायचेत.

लोभ होताच. आता त्यात अभिमानही आहे.
तुझी आत्या