नवे इअरमफ टेबलावर आहेत

अहो,

मी ताईकडे जातेय. नेमबाजी शिकवायला रेंजवर जाताना कानांवर लावायचे हे नवे इअरमफ न्या. टिकाऊच घेतलेत, तुम्ही आपटणार हे धरूनच. डोक्यावरची पट्टी स्टीलची आहे, घामाने कानांवरच्या गाद्या खराब झाल्या तर बदलता येतात. गोळीचा आवाज ते आपोआप दाबतात आणि साधं बोलणं मोठं करून ऐकवतात.

म्हणून घरीही लावून बसा. बेल ऐकू येईल, फोन स्पीकरवर टाकलात की तोही. तीन वर्षं तुमचे कान मीच झालेय. रेंजच्या साहेबांचा रोज संध्याकाळी सातचा फोन मी घेते, "अंघोळीला गेलेत" म्हणते. तुम्हाला कमी ऐकू येतं हे त्यांना कळू नये म्हणून ताईच्या ऑपरेशनलाही गेले नाही.

काल तुम्ही मफ लावून बघत होतात. तुमच्या पाठीमागे भाजी चिरताना मी पुटपुटले, "या घरात जीव गुदमरतो माझा." रोजच म्हणते. काल तुम्ही वळून पाहिलंत आणि घाईघाईने मफ काढून ठेवलेत.

दुपारी फोन करते. उचललात तर आज ताईकडेच राहीन. नाही उचललात, तर आहेच मी, सातच्या आत.