वर्षावासातला खून

२९ सप्टेंबर १९८५, रविवार

धम्माचा ग्रंथ संपला! आणि वर्षावास संपायला अजून महिना आहे!

चूक श्रावण गुरुजींची. विहार समितीचे अध्यक्ष, जन्मभर शाळेत गणित शिकवलेले. आषाढी पौर्णिमेला त्यांनी ग्रंथाची पानं तीन महिन्यांत वाटून दिली. रोज संध्याकाळी विहारात मी तेवढी मोठ्यानं वाचायची, बायकांनी ऐकायची. पण यंदा अधिक श्रावण आला. धोंड्याच्या महिन्याशी आपल्याला काय करायचं, म्हणून वस्तीत कुणी तिकडे लक्षच दिलं नाही. आपण पाळला नाही तरी तो मधे येऊन बसलाच, आणि वर्षावास संपतो ती आश्विन पौर्णिमा महिनाभर पुढे गेली. आज शेवटचं पान वाचून पुस्तक कपड्यात बांधलं तेव्हा कमलानं विचारलं, "आता उद्यापासून काय वो, शीलाबाई?" तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

गुरुजी म्हणाले, "पुन्हा पहिल्या पानापासून."

१ ऑक्टोबर

पुन्हा पहिलं पान. दोघी घोरत होत्या. मी स्वतः जांभई दिली.

२ ऑक्टोबर

मी शिकवते त्या बालवाडीला सुट्टी. चांद्याच्या बसस्टँडवरून आणलेल्या तीन जुन्या पुस्तकांपैकी पहिलं वाचून काढलं. 'सांज उतरली डोळ्यांत'. प्रेमकथा म्हणे! नायक श्रीमंत, नायिका गरीब, मधे एक मोटार. पान साठवर तो तिच्या थोबाडीत मारतो. पान एकसष्टवर ती गालावर हात ठेवून आरशात पाहते आणि तिला कळतं की आपलं याच्यावर प्रेम आहे! मी असते तर पान एकसष्टवर त्याचा एक दात कमी असता आणि पुस्तक तिथंच संपलं असतं.

तरी वाचलं पूर्ण. खोटं कशाला लिहू? रात्रीच्या बसमधला निरोप चांगला लिहिलाय. तिथं डोळे भरून आले आणि स्वतःचाच राग आला.

गेल्या उन्हाळ्यात घुग्घुसहून एक पाहायला आला होता. फावल्या वेळात काय करता, विचारलं. कादंबऱ्या वाचते म्हटलं. त्याच्या आईनं चहाचा कप अर्धाच ठेवला. माझा भाऊ खुशालदादा अजून म्हणतो, "तुह्या पुस्तकांनीच स्थळ गेलं." गेलं तर गेलं. सत्तावीस वर्षांची झाले, अजून कुणाचं पान एकसष्ट माझ्या वाट्याला आलेलं नाही, हे काय कमी आहे?

४ ऑक्टोबर

आज घडलं ते असं. वाचायला बसले तर समोर केसरबाई, कमला, आणखी चौघीजणी आणि कंटाळलेली पोरं. बस्स. केसरबाई सत्तरीची, पाठ वाकली पण जीभ सरळ. तिनं माझ्या पिशवीतून डोकावणारं पुस्तक पाहिलं.

"ते कोणतं होय?"

"पोरांचं आहे. जादूचं."

"मंग वाच नं. या ग्रंथाले पळून जाची घाई नाई."

मी वाचलं. विहारात, बुद्धमूर्तीसमोर, 'ढगांमागचं दार'! भंतेजी आले असते तर हसले असते असं मला वाटतं. गुरुजी हसणार नाहीत हेही माहीत आहे.

६ ऑक्टोबर

'ढगांमागचं दार' संपलं. आतापर्यंतच्या दोन्हींत हे चांगलं. एक बहीण आणि भाऊ ढगांच्या गावात जातात. तिथं टाळी वाजवली की ताट येतं. हे वाचलं तर पोरांनी टाळ्या वाजवून विहार डोक्यावर घेतला. मग एक पोरगी अगदी गंभीरपणे म्हणाली, "येत नाई." सगळ्या हसल्या, पण मला पुढची ओळ पटकन वाचवेना.

खोट मात्र एक आहे. दार उघडण्याचा मंत्र दर वेळी भावालाच आठवतो. बहीण फक्त "दादा, भीती वाटते" म्हणते. अख्ख्या पुस्तकात सोळा-सतरा वेळा तरी! कमला म्हणाली, "एवढं भेव वाटते तं घरी राह्याचं होतं." बरोबर आहे. पण त्या बहिणीला ढगाची वाफ मुठीत धरता येते, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातच राहिलेलं नाही. माझ्या लक्षात आहे.

७ ऑक्टोबर

तिसरं पुस्तक सुरू — 'पारिजात बंगल्यातला मृत्यू'. पहिल्याच पानावर रावसाहेब पलंगावर मरून पडलेले, दुधाचा पेला अर्धा. बायकांनी श्वास रोखला. मी स्वतःवर एक बंधन घालून घेतलंय — पुढचं वाचायचं नाही. वाचलं तर तोंडावर दिसेल आणि केसरबाई ओळखेल.

१० ऑक्टोबर

विहार भरला! कुणबी मोहल्ल्यातल्या आशाबाईसुद्धा आल्या. आजवर कधी पायरी चढल्या नव्हत्या. "खून कोणं केला ते ऐकाले आली," म्हणाल्या, आणि सरळ पुढं येऊन बसल्या.

आतापर्यंतचं माझं मत — भाषा जड, पावसाची वर्णनं फार. गुप्तहेर बसल्या जागी पाइप ओढतो आणि विचार करतो. केसरबाई म्हणते, "दिवसभर धूर सोडते, काम कवा करते हा?" संशयित चार. धाकटा भाऊ, वकील, दुसरी बायको आणि दूध आणून देणारी मोलकरीण सगुणा. बायकांचा निकाल लागून गेलाय — धाकटा भाऊ! का? तर सातव्या प्रकरणात तो सकाळी उठून बूट पॉलिश करतो. "घरात मढं पडलं हाये अन् हा बूट पुसून राह्यला?" कमला बोलली आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. सगुणेवर कुणाचाच संशय नाही. आमच्यातल्या निम्म्या जणी, कमलासुद्धा, दुसऱ्याच्या घरी दूध नेऊन देतात.

१२ ऑक्टोबर

गुरुजी दारात उभे राहून ऐकत होते. मला दिसलेच नाहीत.

"पंचशीला! विहारात खून? आणि त्याआधी मंत्र-जादू? बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपण. शिका म्हटलं ते हे शिकायला?"

ढगात दार नसतं हे चार वर्षांच्या पोराला कळतं. गुरुजींना सांगावं लागतं! हे मी मनात म्हटलं. तोंडानं एवढंच म्हटलं, "गुरुजी, प्रकरण संपवू द्या." आणि संपवलं. ते उभेच राहिले. उद्या बैठक.

१३ ऑक्टोबर, रविवार

बैठक झाली. सतरंजीवर समितीचे पुरुष, भिंतीकडेला बायका. खुशालदादा सचिव, त्यामुळे त्याला माझ्याकडे पाहता येईना.

गुरुजी म्हणाले, वाचकाची जागा मानाची आहे, तिथं बसून करमणूक करायची नाही. माफी मागा आणि ग्रंथ पुन्हा हाती घ्या. नाहीतर उद्यापासून दुसरा वाचक.

मी म्हटलं, माफी मागणार नाही. ग्रंथ मी मनापासून वाचला, शब्द न गाळता. पण आमच्या आयांना अक्षर मिळालं नाही. मग अक्षराची मजाही मिळू नये का? पुरुष तमाशाला जातात, नाटकाला ब्रह्मपुरीपर्यंत जातात, तेव्हा कुठली बैठक बसते?

दादा हळूच म्हणाला, "शीला, बस खाली."

नाही बसले. आणि मग रागाच्या भरात बोलून गेले ते असं — "या पुस्तकात आपल्या बायांना मान खाली घालायला लावील असं एक वाक्य जरी निघालं, तर मी स्वतः ही जागा सोडीन. पुन्हा कधी विहारात वाचायला बसणार नाही."

गुरुजी म्हणाले, "ठीक आहे. शब्द लक्षात ठेवा."

केसरबाईनं भिंतीकडेला बसूनच ओरडून सांगितलं, "ठेवते ते! वाचू द्या आता!"

१४ ऑक्टोबर

दादा दिवसभर बोलला नाही. संध्याकाळी मात्र सतरंजी त्यानंच अंथरली.

१६ ऑक्टोबर

आज चांद्याचा दीक्षादिन. सगळी वस्ती तिथल्या दीक्षाभूमीवर. वाचन नाही. परतीच्या एस.टी.त खिडकी मिळाली, पुस्तक पिशवीत होतं, आणि माझा धीर सुटला. शेवटची चार प्रकरणं उभ्या माणसांच्या कोपरांखाली वाचली.

खून सगुणेनं केलाय.

बंगल्यातल्या सोन्याच्या हारासाठी! आणि तो पाइपवाला शेवटच्या पानावर म्हणतो — "या जातीच्या बायांवर विश्वास टाकला, हीच रावसाहेबांची चूक. यांच्या रक्तातच असतं ते."

शेजारी कमला होती. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मी पुस्तक मिटलं. आमच्या पोंभुर्ण्याला उतरेपर्यंत ते पिशवीच्या तळाशी दाबून धरलं.

१७ ऑक्टोबर

परीक्षण लिहिते. 'पारिजात बंगल्यातला मृत्यू' — नालायक पुस्तक. कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझं मत. बुटांचं काय झालं? वकिलाच्या खोट्या साक्षीचं काय झालं? सगळे धागे सोडून दिले आणि दोष घातला दूध आणणारीच्या पदरात. कारण ती हाताशी होती. मी या पुस्तकासाठी भर बैठकीत उभी राहून भांडले!

आहे तसं वाचलं तर शब्दाप्रमाणे जागा सोडायची. ते परवडेल. पण तीस जणींच्या समोर ते वाक्य माझ्या तोंडून? आशाबाई पुढं बसलेल्या असताना? कमलाकडे पाहून?

ही जागा मला हवीच आहे. दुसरं काय आहे माझं? संध्याकाळी त्या चटईवर बसले की मी कुणाची लग्नाची राहिलेली बहीण नसते.

शेवटाआधीची अजून दोन प्रकरणं विहारात वाचायची आहेत. ती नीट वाचीन. पुढचं पुढं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

केलं! नाही वाचलं ते!

पान समोर धरलं आणि मनानं बोलत गेले. खून धाकट्या भावानं केला. विषाची शिशी बुटात लपवली, म्हणून सकाळी बूट पुसत बसला. सगुणेनं खिडकीतून पाहिलं होतं. भर कोर्टात तिनं बोट दाखवलं. गुप्तहेर पाइप विझवून म्हणाला, "हिनं सांगितलं म्हणून सत्य कळलं."

काय टाळ्या! कमला रडायला लागली. "मी म्हटलंच होतं, बूट!" आशाबाईंनी मला जवळ घेतलं. आणि गुरुजी, जे आज मुद्दाम मागं येऊन बसले होते, उठून म्हणाले, "हे तर प्रबोधन आहे. माझा गैरसमज झाला, पंचशीला."

जागा माझी. आश्विन पौर्णिमेपर्यंत माझी. त्या लेखकाला लिहिता आलं नाही ते मी लिहिलं, तेही तोंडी, एका दमात! मला जराही वाईट वाटत नाही. उलट आज जेवण गोड लागलं.

फक्त केसरबाईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. हात दुखत असतील.

२० ऑक्टोबर

लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाच्या कापणीला गेलेल्या बायका काल आल्या नव्हत्या. त्यांनी हट्ट धरला, शेवट पुन्हा वाचा. पुन्हा पान धरलं, पुन्हा सुरू केलं. रंगात आले होते. भाऊ उशीखालून शिशी काढतो —

"काल तं बुटात होती नं?" कमला.

"हो, हो, बुटातच," मी म्हटलं आणि पान उलटलं.

पुढं सगुणा जिन्यावरून पाहते, असं बोलून गेले. एक-दोघी एकमेकींकडे पाहायला लागल्या. कसंबसं संपवलं. सगळ्या उठल्या, केसरबाई तेवढी बसून राहिली. तिनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, शेवटचं पान उघडलं, त्यावरून बोट फिरवलं आणि परत दिलं.

२१ ऑक्टोबर

केसरबाई सकाळीच बालवाडीत आली. मागं कमला, आशाबाई, आणखी पाच-सहा जणी.

"पुस्तक दोन दिवस दोन गोष्टी सांगत नाई, बाई. खरं काय लिवलं हाये?"

सांगितलं. ते वाक्यसुद्धा सांगितलं, रक्ताचं. कुणीच मान खाली घातली नाही. घातली ती मी.

"आमाले वाईट वाटन म्हणून केलं, समजते मले," केसरबाई म्हणाली. "गुरुजी ठरवत होते आमी काय आयकाव. मंग तू ठरवलं. आता पुरे."

पोरांच्या रांगेत ती फतकल मारून बसली आणि शेजारच्या पोरीची पाटी ओढून घेतली.

"सगुणा कसं लिवतेत ते दाखव आधी."